दोन मतं की एकच? स्कॉटलंड आणि वेल्स
स्कॉटलंडच्या संसदेच्या निवडणुकीत मतदाराला दोन मतं: एक स्थानिक उमेदवाराला, दुसरं पक्षाच्या प्रादेशिक यादीला. १२९ पैकी ७३ जागा थेट, ५६ यादीतून. थेट जागा भरपूर जिंकल्या की यादीत कात्री लागते. २०२१ मध्ये एसएनपीनं (स्कॉटिश नॅशनल पार्टी) ६२ थेट जागा जिंकल्या. यादीची सुमारे ४० टक्के मतं मिळूनही तिथून हाती आल्या फक्त २!

वेल्सनं आपल्या संसदेच्या २०२६ च्या निवडणुकीसाठी ही दुहेरी पद्धत सोडली. तिथे १६ मतदारसंघ, प्रत्येकी ६ जागा, मत एकच, यादीला. हिशेब सोपा; पण यादीतला क्रम पक्षच ठरवतो. (स्कॉटलंडची यादीही तशीच, म्हणा.)

माझा कौल स्कॉटलंडला. किचकट असली, तरी आपल्या मतदारसंघाचा आमदार कोण, हे तिथे एका नावात सांगता येतं.