महालातल्या काउंटरवर लंडनचं बुटकं इंजिन

खोक्यावर रंग छापलाय हिरवा आणि आत निघालं पिवळं मॉडेल इंजिन. हळदीत चिमूटभर गेरू कालवावा तसलं पिवळं. दुकानात चहा प्यायला बसलेला मित्र म्हणाला, "फसवलं ना बे तुले. पाठव परत." फसवलं नव्हतं. लंडन-ब्रायटन लाइनचा लोको सुपरिंटेंडेंट विल्यम स्ट्राउडली या रंगाला 'सुधारित इंजिन हिरवा' असंच म्हणायचा. त्याला रंग नीट दिसत नव्हते, असं काही जण सांगतात. काही का असेना, रंग झकास उतरलाय. टाकीच्या कडेच्या काळ्या-पांढऱ्या-लाल रेघा भिंगाखाली धरल्या तरी कुठे फाटत नाहीत आणि धुरांड्याचं तांब्याचं टोक तांब्याचंच वाटतं.

मी घड्याळं दुरुस्त करतो, नागपूरच्या महाल भागात. वडील इतवारी-नागभीड छोट्या लाइनवर फायरमन होते, म्हणून वाफेच्या इंजिनाचं वेड घरातूनच आलं. भाचा लंडनहून येताना हे घेऊन आला. किंमत आपल्या पैशात साडेतेरा हजाराच्या आसपास. बायकोला मी आठ सांगितले आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी तिच्या ओळखीचं असेल तर कृपा करा.

मॉडेल आहे 'बॉक्सहिल', क्रमांक ८२. टेरियर जातीचं हे इंजिन १८८० साली बनलं आणि अस्सल आज यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. १८७२ ते १८८० या काळात अशी ५० बांधली. आपल्याकडे मोठ्या गाडीच्या वाफेच्या इंजिनामागे कोळसा-पाण्याचा टेंडर असायचा, तो याला नाही. पाणी बॉयलरच्या दोन्ही अंगांच्या टाक्यांत, कोळसा पाठीमागच्या खणात. त्यामुळे शेवटच्या स्टेशनावर फिरवायला टर्नटेबल लागत नाही. या टोकाचं सोडायचं, त्या टोकाला जोडायचं आणि उलटं निघायचं. व्हिक्टोरिया ते लंडन ब्रिज या उपनगरी मार्गावर सकाळ-संध्याकाळ हेच चालायचं. रूळ कच्चे, स्टेशनं जवळजवळ, सारखं थांबायचं आणि सारखं सुटायचं. म्हणून इंजिन हलकं हवं, साधारण २७ टनांचं, आणि चाकं लहान, ४ फुटांची, म्हणजे उठाव पटकन मिळतो.

सुटताना धुरांड्यातून जो आवाज यायचा तो कुत्र्याच्या भुंकण्यासारखा, म्हणून नाव टेरियर, ही कुत्र्याची एक जात. मी हिशोब मांडून बघितला. दोन सिलिंडर, प्रत्येकाचे दोन, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार फुसकारे. ताशी २० मैलांना चाक सेकंदाला सव्वादोनपेक्षा थोडं जास्त फिरतं, म्हणजे सेकंदाला नऊच्या वर भुंकणं. एचएमटी जनता हे मनगटी घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं. एवढं भुंकत ही गाडी लोकांच्या खिडक्यांखालून रोज कितीदा जात असेल! मॉडेलमध्ये मात्र आवाज मोटरचा, तोही अगदी कमी. कान लावला तर टेबलक्लॉकच्या आतल्यासारखी बारीक किरकिर. भाचा म्हणाला, "मामा, यात आवाजाची चिप बसते, आतमध्ये जागा आहे." नको म्हटलं. रात्री दुकान बंद झाल्यावर कुत्री भुंकतात तेवढी पुरे.

आता चालणं. काउंटरवर दोन मीटर सरळ रूळ टाकला, रुळाला वीज माझ्याच टेबलवरच्या १२ व्होल्टच्या सप्लायमधून दिली, ती चाकांतून मोटरला मिळते. अगदी कमीत कमी व्होल्टला दोन मीटर कापायला पाऊण मिनिट लागलं. कुठे झटका नाही, अडखळ नाही. गियर कोणी तरी नीट मन लावून कापलाय. पण सांधा, म्हणजे रूळ बदलायचा तो तुकडा, मध्ये घातला की त्यावरच्या प्लास्टिकच्या टोकावर गाडी मुकाट उभी. पुढच्या आणि मागच्या चाकात इनमिन ४८ मिलिमीटर अंतर. एक चाक प्लास्टिकवर आणि दुसऱ्याखाली धूळ, की वीज गेलीच. आणि आमच्याकडे धूळ! मे महिन्यात दुपारी शटर अर्धं पाडलं तरी रुळांवर थर बसतो. कूलर लावला तर रूळ काळे पडतात. रोज सकाळी पुसून घेतल्याशिवाय चालवू नका.

दुसरी तक्रार कंपनीची म्हणता येणार नाही, ती मापाची आहे. हे ओओ माप, म्हणजे खऱ्याच्या साधारण ७६वा भाग (नेमका आकडा ७६.२). इंग्लंडचा रूळ १४३५ मिलिमीटर रुंद, त्या हिशोबानं मॉडेलचा रूळ १८.८३ हवा. असतो १६.५. पूर्वी छोट्या विलायती इंजिनांच्या पोटात मोटर मावत नव्हती, म्हणून अंग मोठं केलं आणि रूळ तसाच ठेवला. परिणाम असा, की समोरून पाहिलं तर जाड बाईनं पाय जुळवून उभं राहावं तसं दिसतं. सगळं जग हे चालवून घेतं, मीही घेतो. फक्त एकदा दिसलं की दिसतच राहतं.

बारकावे पाहताना एका जागी मी थांबलो. बॉयलरच्या पुढच्या बाजूनं एक जाड नळी वाकून टाकीत शिरते. हे इंजिन थेम्स नदीखालच्या बोगद्यातूनही जायचं. बोगद्यात वाफ सोडली तर माणसं गुदमरतील, म्हणून वापरलेली वाफ या नळीतून टाकीच्या पाण्यात सोडायची. त्यानं टाकीतलं पाणी तापतं. वडील सांगायचे, पाणी तापलं की इंजेक्टर, म्हणजे वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं यंत्र, पाणी उचलत नाही, कितीही खटपट करा. स्ट्राउडलीलाही ते ठाऊक होतं, त्यानं इंजेक्टरऐवजी पंप बसवले. पंप बाहेरून दिसत नाहीत, नळी दिसते, आणि ती मॉडेलवर जिथे हवी तिथेच आहे. ज्यानं हे काढलं त्याला माझा नमस्कार.

आणि मग त्याच माणसाच्या कंपनीवर रागही आला. चार दिवसांनी पुढची पायरी हलायला लागली, म्हणून खोलून बघावं म्हटलं. स्क्रू दोन, त्यातला एक पुढच्या कपलिंगच्या मागे लपवलेला. अंग निघालं तर गियरवर झाकण चिकटवून बंद केलेलं. तेल कुठून घालायचं? कागदावर लिहिलंय, दर काही तासांनी तेल द्या. भोक कुठाय ते लिहिलेलं नाही. कंपनीला मेल टाकला. उत्तर आलं, परत पाठवा, बदलून देऊ. नागपूरहून तिकडे पाठवायचा खर्च विचारला आणि गप्प बसलो.

मूळ इंजिनाचं याच्या अगदी उलटं. स्ट्राउडलीनं भाग एकसारखे ठेवले, यातला निघाला तर त्यात बसावा असे. एक इंजिन शक्यतो एकाच ड्रायव्हरचं, आणि त्याचं नाव कॅबच्या आत सोनेरी अक्षरांत. उघडायची, पुसायची, पुन्हा जोडायची सवय त्यातूनच लागत असणार. लंडनच्या गाड्या जड झाल्या तशी ही इंजिनं गावाकडच्या फाट्यांवर, म्हणजे छोट्या शाखा-लाइनींवर गेली. १९११ पासून काहींना नवे बॉयलर बसवले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेलिंग बेटाच्या फाट्यावर लाकडी पूल एवढा नाजूक, की जड इंजिन चालेना; तिथे टेरियरच धावली, १९६३ साली फाटा बंद होईपर्यंत. पन्नासातली दहा आजही शाबूत आहेत. मी डोळ्याला भिंग लावून मॉडेलच्या कॅबमध्ये पाहिलं. ड्रायव्हरचं नाव नाही.

घ्यावं का? मुलासाठी विचारत असाल तर नाही. हॅण्डरेल, म्हणजे हातानं धरायचे दांडे, केसाएवढे बारीक आहेत, पहिल्याच दिवशी तुटतील. स्वतःसाठी, आणि हातात चिमटा धरायची सवय असेल, तर घ्या. झाकण मी शेवटी पात्यानं हळूच उचकटलं. डिंकाचे दोन थेंब, बास. आता कंपनीची हमी गेली, पण चाक फिरतंय. तेल द्याल तेव्हा घड्याळाचंच वापरा, शिवणयंत्राचं नको, ते पसरतं. आणि बाटलीतून ओतू नका, सुईच्या टोकावर येईल तेवढंच.