‘रन’ या एका शब्दावर तपासलेला ऑक्सफर्डचा लर्नर्स शब्दकोश

शब्दकोश विकत घेताना त्याची परीक्षा अवघड शब्दांवर करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ग्राहक दुकानात उभ्या उभ्या एखादा लांबलचक, वर्षानुवर्षांत न भेटणारा शब्द शोधतो आणि तो सापडला की कोश चांगला असल्याचे ठरवून मोकळा होतो. असे शब्द बहुतेक कोशांत असतात, कारण त्यांना सहसा एकच अर्थ असतो आणि तो दोन ओळींत मावतो. कोशकाराचा खरा कस लागतो तो रोजच्या वापरातल्या चिमुकल्या शब्दांवर. इंग्रजीतले ‘गेट’, ‘सेट’, ‘पुट’, ‘टेक’ आणि ‘रन’ हे असे शब्द आहेत. यांच्या वाटेला गेल्यावर चांगल्या चांगल्या कोशांची मांडणी विस्कटते. म्हणूनच ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’च्या 2020 साली आलेल्या दहाव्या आवृत्तीचे हे परीक्षण मी मुख्यतः ‘रन’ या एका नोंदीच्या आधारे केले आहे.

या शब्दाचा पसारा किती मोठा आहे, हे आधी सांगायला हवे. ऑक्सफर्डचाच जो ऐतिहासिक महाकोश आहे, ज्याची दुसरी आवृत्ती 1989 साली वीस खंडांत निघाली, त्यात सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती आणि त्या क्रियापदाचे 430 अर्थ दिलेले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासल्या जाऊ लागल्या तेव्हा आधी ‘मेक’ने, मग ‘पुट’ने आणि अखेर 2011 साली ‘रन’ने हा मान पटकावला. ‘रन’च्या केवळ क्रियापदाचे 645 अर्थ नोंदवले गेले. पीटर गिलिव्हर या संपादकांना या एका नोंदीवर नऊ महिन्यांहून अधिक काळ काम करावे लागले. या वाढीमागचे एक मोठे कारण उघड आहे. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत आलेली यंत्रे, आगगाड्या, कारखाने, वर्तमानपत्रे आणि संगणक या सर्वांसाठी इंग्रजीने वेगळी क्रियापदे घडवण्याऐवजी हेच क्रियापद कामाला लावले.

महाकोश अभ्यासकासाठी आहे. इंग्रजी शिकणाऱ्याला 645 अर्थांचा उपयोग नाही. त्याला वाचताना व लिहिताना भेटणारे चाळीस-पन्नास अर्थ नीट लावून हवे असतात. लर्नर्स कोशाचा जन्मच या गरजेतून झाला. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजीचे अध्यापक होते. त्यांनी गेटनबी आणि वेकफील्ड या दोन सहकाऱ्यांच्या साहाय्याने तयार केलेला कोश 1942 साली टोकियोत प्रसिद्ध झाला आणि 1948 साली ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने पुन्हा छापला. शब्दाचा अर्थ कळला तरी तो वाक्यात कसा बसवायचा हे परभाषिकाला कळत नाही, हे हॉर्नबींनी वर्गात पाहिले होते, आणि म्हणून क्रियापदानंतर काय येते याची माहिती त्यांनी पहिल्यापासून दिली. हा वारसा आजच्या आवृत्तीतही टिकून आहे आणि मला तो या कोशाचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

आता प्रत्यक्ष नोंदीकडे वळू. ‘रन’ उघडल्यावर प्रथम डोळ्यांत भरतात ती अर्थांच्या गटांवरची छोटी शीर्षके: पायांनी जलद जाणे, शर्यत, व्यवस्थापन, सेवा पुरवणे, वाहन किंवा यंत्र, बस आणि आगगाड्या, द्रव पदार्थ, रंग, निवडणूक, वर्तमानपत्र अशी ही यादी पुढे जाते. वाचकाने पहिल्या अर्थापासून एकेक ओळ वाचत जावे अशी अपेक्षाच नाही. वाक्यात ‘रन’च्या शेजारी नळ किंवा नाक असेल तर नजर थेट द्रव पदार्थाच्या शीर्षकावर जाते, आणि शेजारी एखाद्या पक्षाचा उमेदवार असेल तर निवडणुकीच्या. म्हणजे अर्थ शोधण्याची किल्ली शब्दाच्या सोबतीत आहे, ही गोष्ट कोश कोणतेही व्याख्यान न देता वाचकाच्या अंगवळणी पाडतो. लाँगमनच्या कोशातही अशीच सोय आहे, परंतु ऑक्सफर्डची शीर्षके अधिक सुटसुटीत वाटतात.

व्याख्यांची भाषाही मुद्दाम सोपी ठेवलेली आहे. 2005 सालच्या सातव्या आवृत्तीपासून या कोशाने ‘ऑक्सफर्ड 3000’ ही निवडक शब्दांची यादी आधाराला घेतली. त्यामुळे ‘रन’च्या पहिल्या अर्थाची व्याख्या पाय, चालणे आणि जलद एवढ्या प्राथमिक शब्दांवर भागते, आणि व्याख्येतला शब्द कळण्यासाठी पुन्हा कोश उघडण्याची वेळ येत नाही. नामाच्या नोंदीत क्रिकेटच्या ‘रन’ची व्याख्या ‘खेळात मिळवलेला गुण’ अशा धर्तीवर केलेली आहे, तीही विचारपूर्वक केलेली दिसते. मराठीत आपण ‘धाव’ म्हणतो, पण चेंडू सीमापार गेला की फलंदाज एक पाऊलही न धावता त्याच्या खात्यात चार धावा जमा होतात. ‘गुण’ या व्याख्येत दोन्ही प्रकार सामावतात. ‘धावून मिळवलेला’ असे म्हटले असते तर चौकार-षटकार बाहेर राहिले असते.

मराठी वाचकाला या नोंदीत एक गोष्ट विशेष जाणवेल, आणि ती कोशात कुठेही सांगितलेली नाही. शाळेत आपण ‘रन म्हणजे धावणे’ असे पाठ करतो, परंतु नोंदीतले निम्मे-अधिक अर्थ मराठीत ‘धावणे’ने सांगताच येत नाहीत, ते ‘चालणे’ने सांगता येतात. दुकान चालते, यंत्र चालते, संगणकावर प्रोग्राम चालतो, नाटकाचे प्रयोग वर्षभर चालतात, अभ्यासक्रम चालवले जातात, संस्था चालवली जाते. इंग्रजीने ज्या कामासाठी धावण्याचे क्रियापद निवडले त्याच कामासाठी मराठीने चालण्याचे निवडले, आणि दोन्ही भाषांत मूळ कल्पना अखंड पुढे जात राहण्याची आहे. उरलेले अर्थ मात्र विखुरतात. नाक वाहते, कपड्याचा रंग जातो, अंगात ताप असतो, उमेदवार निवडणूक लढवतो, साखर संपते, गुण घराण्यात उतरतो, बातमी छापून येते. या सगळ्या ठिकाणी इंग्रजीत एकटे ‘रन’ उभे असते. हे मराठी माणसाला अवघड वाटू नये, कारण आपल्या घरात ‘लागणे’ आहेच. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, लग्न लागते, घाटात कोणाला गाडी लागते आणि थिएटरात सिनेमा लागतो. परदेशी विद्यार्थ्याला ‘लागणे’ शिकवून पाहिले म्हणजे ‘रन’च्या कोशकाराने केलेल्या कामाची किंमत कळते.

‘चालवणे’ या शब्दामुळे मराठी विद्यार्थ्याची जिथे फसगत होते, तिथे हा कोश फार उपयोगी पडतो. गाडी चालवणे म्हणजे ‘ड्राइव्ह’ आणि हॉटेल चालवणे म्हणजे ‘रन’ हे एकदा समजले की विद्यार्थी निर्धास्त होतो; मग त्याला ‘रन अ कार’ असा प्रयोग भेटतो आणि तो गोंधळतो. वाहन किंवा यंत्र या शीर्षकाखाली कोशाने हा अर्थ स्वतंत्रपणे दिला आहे: गाडी स्वतःची असणे आणि ती वापरणे. सोबतचे उदाहरण पगारात गाडी परवडण्याबद्दलचे आहे, म्हणजे मराठीत ज्याला आपण गाडी बाळगणे किंवा गाडीचा खर्च झेपणे म्हणू त्या अर्थाचे. ही बारीक छटा केवळ व्याख्येने पोहोचली नसती. उदाहरणाने ती पोहोचते. उदाहरणवाक्यांची अशी नेमकी निवड या नोंदीत अनेक ठिकाणी दिसते.

वाक्यरचनेची माहितीही तितकीच काळजीपूर्वक दिली आहे. कोणत्या अर्थी क्रियापद सकर्मक आहे आणि कोणत्या अर्थी अकर्मक, त्यानंतर विशेषण येते की नाम येते, हे प्रत्येक अर्थासोबत कळते. विहीर कोरडी पडणे किंवा एखाद्या वस्तूचा तुटवडा होऊ लागणे या अर्थी ‘रन’पुढे थेट विशेषण येते, हे व्याकरणाच्या पुस्तकात सहसा न सापडणारे वैशिष्ट्य इथे चटकन दिसते. ब्रिटिश आणि अमेरिकन वापरातला फरकही वेळच्या वेळी सांगितला आहे. निवडणुकीला उभे राहण्यासाठी ब्रिटनमध्ये ‘स्टँड’ हे क्रियापद अधिक रूढ आहे आणि अमेरिकेत ‘रन’. पायमोजा उसवून जी रेघ पडते तिला अमेरिकेत ‘रन’ म्हणतात आणि ब्रिटनमध्ये ‘लॅडर’. अमेरिकेत स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबांना अशा नोंदी पहिल्या महिन्यापासून उपयोगी पडतील.

कोशात उणिवाही आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. पहिली उणीव मांडणीतच आहे. शीर्षकांमुळे अर्थ लवकर सापडतो, परंतु हे सगळे अर्थ एकमेकांशी कसे जोडलेले आहेत याचा उलगडा नोंद कुठेच करत नाही. जुन्या इंग्रजीतल्या ज्या मूळ क्रियापदापासून ‘रन’ आले त्याचा अर्थ धावणे असा होता तसाच वाहणे असाही होता. म्हणजे नळाचे पाणी हा या शब्दाचा नंतर जोडलेला अर्थ नाही, तो सुरुवातीपासूनचा आहे. वाहण्याची ही कल्पना मनात ठेवली तर कपड्याचा पसरणारा रंग, पत्र्यावरून ओघळणारा थेंब, नदीकाठाने जाणारा रस्ता आणि खंड न पडता चालणारा कारखाना हे सर्व एका धाग्यात येतात. नोंदीच्या माथ्यावर अशा दोन-तीन ओळी दिल्या असत्या तर पाठांतराचे ओझे खूप कमी झाले असते. विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या कोशात ही उणीव मला मनापासून खटकते.

दुसरी उणीव छापील प्रतीपुरती आहे. ‘रन’ला जोडून येणाऱ्या अव्ययांनी बनणारे प्रयोग, म्हणजे ‘रन आउट’, ‘रन इन्टू’, ‘रन ओव्हर’, ‘रन डाउन’, हे मुख्य अर्थ आणि वाक्प्रचार संपल्यानंतर अगदी शेवटी दिलेले आहेत. नवशिक्याला सर्वाधिक नडतात ते हेच प्रयोग. ‘रन इन्टू’ म्हणजे वाटेत कोणी अचानक भेटणे, आणि गाडीने जाऊन आपटणे हाही त्याचाच अर्थ. ‘रन ओव्हर’ म्हणजे गाडीखाली चिरडणे, आणि भाषणाची झरझर उजळणी करणे यासाठीही तोच प्रयोग. इतका मोठा फरक असलेले प्रयोग बारीक टायपातल्या रकान्यांच्या तळाशी गेल्याने अनेक वाचक तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. कोशाच्या संकेतस्थळावर ही अडचण उरत नाही, कारण तिथे प्रत्येक प्रयोगाला स्वतंत्र पान आहे.

इतर कोशांशी तुलना थोडक्यात करतो. 1987 साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘कॉलिन्स कोबिल्ड’ व्याख्या पूर्ण वाक्यात देतो. एखादी व्यक्ती दुकान ‘रन’ करते तेव्हा ती काय करते, अशा पद्धतीने तो अर्थ सांगतो. नवशिक्याला ही पद्धत अधिक जवळची वाटेल, मात्र लांब नोंदीत शोधाशोध जास्त करावी लागते. इंग्रजी-मराठी कोशांची परंपरा मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या 1847 सालच्या कोशापासूनची आहे आणि भाषांतर करणाऱ्याला अशा कोशांशिवाय पर्याय नाही; परंतु बाजारातल्या छोट्या द्विभाषिक कोशांत ‘रन’पुढे धावणे, पळणे, वाहणे, चालवणे असे चार-सहा प्रतिशब्द ओळीने देऊन नोंद संपवलेली असते. कोणता प्रतिशब्द कुठे घ्यायचा हे त्यावरून समजत नाही. ज्यांना इंग्रजीत स्वतः लिहायचे आहे त्यांनी द्विभाषिक कोशासोबत हा लर्नर्स कोश ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

राहिला प्रश्न विकत घेण्याचा. कोशाचे संकेतस्थळ विनामूल्य आहे, त्यावर ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही उच्चार ऐकता येतात, आणि ‘रन’ व त्याचा भूतकाळ ‘रॅन’ यांच्या स्वरांतला फरक कानांनी पक्का करून घ्यायचा असेल तर छापील खुणांपेक्षा ते ऐकणे केव्हाही श्रेयस्कर. घरात इंटरनेट बेभरवशाचे असेल, किंवा मूल मोबाइल हातात घेतल्यावर कोशाऐवजी दुसरीकडेच वळत असेल, तर छापील प्रत घ्यावी. तिचा कागद पातळ असला तरी छपाई स्वच्छ आहे. नवी प्रत महाग वाटत असल्यास पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात किंवा मुंबईत फोर्टच्या पदपथांवर जुनी प्रत शोधता येईल, मात्र आवृत्तीचा क्रमांक पाहून घ्यावा. सातवी किंवा त्यानंतरची आवृत्ती बिनदिक्कत घ्यावी. 1974 सालची तिसरी आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी शाळकरी मुलांसाठी घेऊ नये, कारण तिच्यात वाक्यरचना आकडे आणि अक्षरांच्या सांकेतिक खुणांनी दाखवल्या आहेत आणि त्या उलगडण्यासाठी प्रत्येक वेळी तक्ता उघडावा लागतो.