नवा फ्लॅट घेताय? चावी घेण्याआधी आपला इंजिनिअर आत न्या

सांगलीत घर बघायला निघालेला माणूस बिल्डरला पहिला प्रश्न ठरलेलाच विचारतो: २०१९ ला इथं पाणी कुठवर आलं होतं? आम्हीही विचारला. मिरज रस्त्याच्या बाजूची उंचावरची जागा, पूर कधीच नाही, असं उत्तर मिळालं आणि ते खरं होतं. २००५, २०१९, २०२१, कुठल्याच पुरात तिथं पाणी चढलेलं नाही. आमच्या घरात पाणी आलं ते वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून.

बिल्डरचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून चालू आहे. काय काय झालं ते मात्र सांगतो.

ताबा उन्हाळ्याच्या तोंडावर मिळाला. भिंती आरशासारख्या, टाइल्स चकचकीत. आमच्या मेहुण्यांनी सहज म्हटलं की एखाद्या ओळखीच्या इंजिनिअरला दाखवूया का, तर साइटवरचा माणूस हसला. "दाजी, तपासायचं ते जुनं घर. हे कोरं हाय, अजून कुणी पाय ठेवला न्हाई." ऐकायला पटतं. खरं म्हणजे गोष्ट उलटी आहे. जुन्या घरानं दहा-वीस पावसाळे अंगावर घेतलेले असतात. ओल कुठं येते, तडा कुठं आहे हे भिंत सांगते, नाहीतर शेजारी सांगतो. नव्या घरात अजून कुणी बादलीभर पाणी ओतलेलं नसतं, गिझर लावलेला नसतो. दोष असलाच तर तो पुट्टी आणि रंगाच्या आड गप्प बसलेला असतो.

पहिली खूण वॉशिंग मशीननं दिली. बायको म्हणाली, मशीनला ओला हात लागला की मुंग्या येतात. कंपनीचा माणूस आला, मशीन ठीक आहे म्हणाला, आणि त्यानं भिंतीतला सॉकेट उघडला. आत अर्थिंगची हिरवी वायर नीट वेटोळं करून बॉक्समध्ये कोंबलेली होती. टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. गिझरच्या पॉइंटलाही तेच. माहितीपत्रकात ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, लिहिलेला. डीबीत, म्हणजे घराच्या विजेच्या मुख्य पेटीत, त्या जागी साधा मेन स्विच. हे विसरून झालं असं कुणी म्हणू नये. सॉकेट उघडला तर वायर दिसावी इतकी काळजी घेतली होती, फक्त ती जोडायचं वायरमनचं काम वाचवलं होतं.

आषाढात वरचे लोक राहायला आले आणि आमच्या बाथरूमच्या छताला ओल धरली. बिल्डरनं रंगारी पाठवला. त्यानं खरवडून डॅम्पप्रूफ मारलं, पंधरवड्यात पापुद्रे सुटले. शेवटी वरच्यांच्या परवानगीनं त्यांची फरशी काढली. बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्यात आधी वॉटरप्रूफिंग, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, मग फरशी असा क्रम असतो. तिथं वॉटरप्रूफिंगचा पत्ताच नव्हता. नुसता राडारोडा भरला होता, त्यात सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यासुद्धा. हॉलमध्ये कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर सरळ उभी चीर आली, कारण गिलाव्याआधी तिथं चिकन मेश, म्हणजे तारेची बारीक जाळी, मारलेली नाही.

लोक विचारतात, बँकेनं बघितलं नव्हतं का? बघितलं होतं. बँकेचा व्हॅल्युअर कर्जाला तारण पुरेल का ते बघतो. आमच्याकडं तो फोटो काढून गेला. महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणं झालंय का यासाठी. महारेरा म्हणजे रेरा कायद्याखालचं राज्याचं गृहप्रकल्पांचं प्राधिकरण; त्याचा नंबर म्हणजे प्रकल्पाची नोंदणी, तुमच्या फरशीखाली काय आहे त्याची हमी नव्हे. आणि साइटवरचा इंजिनिअर पगार बिल्डरचा घेतो. सगळ्यांनी तपासलं असं वाटत राहतं, पण तुमच्या बाजूनं कुणीच तपासलेलं नसतं.

म्हणून शेवटचा हप्ता द्यायच्या आधी, बिल्डरशी काही देणंघेणं नसलेला सिव्हिल इंजिनिअर आणि एक चांगला वायरमन घेऊन जा. फी द्यावी लागते, पण आमच्या वास्तुशांतीच्या जेवणाला त्याहून जास्त गेले. पुढं आमच्याकडं आलेल्या इंजिनिअरनं काय केलं ते बघण्यासारखं होतं. काठीनं एकेक टाइल ठोकत गेला. पोकळ असेल तिथं आवाज डबडब येतो. बाल्कनीत पाणी ओतून ते जाळीकडं जातंय की दाराकडं ते बघितलं. टेस्ट लॅम्प लावून प्रत्येक सॉकेटचं अर्थिंग तपासलं. ओलावा मोजायचं यंत्र भिंतीला टेकवलं. बाथरूमचे ट्रॅप, म्हणजे पाणी जायची तोंडं, बंद करून किमान चोवीस तास पाणी साठवून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावरून छत बघायचं, ही चाचणी मात्र ताब्याआधीच करून घ्या. फरशीवर संसार मांडल्यावर ती जमत नाही. आणि तुमच्या डोक्यावरच्या बाथरूमची चाचणीही मागा.

ताबा पावती शांतपणे वाचा. आमच्या पावतीवर छापलेलंच होतं, 'सदनिकेची पूर्ण पाहणी केली, बांधकामाबाबत कोणतीही तक्रार नाही.' आधी सही, मग चावी, आणि आठ दिवसांत ताबा घेतला नाही तर मेंटेनन्स सुरू, अशी घाई. रेरा कायद्याच्या कलम १९(१०) प्रमाणं भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा घ्यायला दोन महिने असतात. तेवढ्यात तपासणी आरामात होते. सापडलेले दोष पावतीवर हातानं लिहा, त्याखाली सही करा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आता बिल्डर तीच पावती नाचवतोय. आमच्या वकिलांचं म्हणणं, त्या ओळीनं त्याची जबाबदारी संपत नाही. कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर बिल्डरनं तो ३० दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई द्यायची. तक्रार तोंडी नको. फोनवर 'माणूस पाठवतो' हे उत्तर आम्ही भरपूर ऐकलं. रजिस्टर्ड पत्र गेल्यावर बाथरूमचं काम नव्यानं झालं. अर्थिंगला थांबणं धोक्याचं होतं, ते आम्ही पदरच्या पैशानं केलं आणि बिल पत्रासोबत जोडलं. ते पैसे अजून आलेले नाहीत. हॉलमधल्या चिरेत त्यांनी पुन्हा पुट्टी भरून दिली आहे, आणि तिच्यासाठी दुसरं पत्र गेलं आहे.