उभी राहिली की तापणारी जुनी पिकअप: आधी काय तपासायचं, खर्च कशावर करायचा

रस्त्याला लागली की टेम्परेचरचा काटा मधोमध, इंजिन चालू ठेवून उभी केली की हळूहळू वर, आणि गाडी हलली की पुन्हा खाली. जुन्या पिकअपची तक्रार अशी असेल, तर अर्धं निदान गाडीने स्वतःच करून ठेवलेलं असतं. तरीही बहुतेकदा पहिला हात पडतो थर्मोस्टॅटवर (इंजिन तापल्यावर पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप), कारण तो दोन-तीन बोल्टांत निघतो. मग कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाण्याचं मिश्रण) बदललं जातं, मग ते हवेने गार करणारा रेडिएटर, आणि शेवटी कोणीतरी म्हणतं, "हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवून बघू." चांगलं इंजिन असं विनाकारण उघडलं जातं तेव्हा खरंच वाईट वाटतं. या लक्षणात आधी हवा तपासायची, मग पाणी, आणि इंजिनाला हात सगळ्यात शेवटी लावायचा, असं माझं ठाम मत आहे.

त्याआधी काटा खरं बोलतोय का, एवढं बघून घ्या. जुन्या गाडीत सेन्सरची वायर किंवा अर्थिंग खराब असेल तर इंजिन ठीक असतानाही काटा चढतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घराजवळ तापमान घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतं, म्हणून तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. 90 ते 95 अंशांच्या आसपास आकडा स्थिर असेल आणि काटा मात्र लाल पट्ट्यात, तर दोष मीटरकडे आहे.

हवा कमी की पाणी कमी

गाडी ताशी 50-60 किलोमीटरने चालली की समोरच्या जाळीतून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो, पंख्याची फारशी गरज उरत नाही. उभ्या गाडीत मात्र सगळी हवा पंख्यालाच ओढावी लागते, आणि बेल्टवर चालणारा पंखा तेव्हा सगळ्यात हळू फिरत असतो. अडचण अशी की कुलंट फिरवणारा वॉटर पंपही त्याच वेळी हळू असतो. म्हणूनच "थोडी रेस दिली की काटा उतरतो" या निरीक्षणावरून दोघांपैकी दोषी कोण ते ठरत नाही. रेस दिल्यावर पंखाही जोरात फिरतो आणि पंपही.

दोघांना वेगळं करायची सोपी युक्ती आहे. काटा चढू लागला की एक मोठा स्टँडचा पंखा पिकअपच्या जाळीसमोर पूर्ण वेगात लावा आणि इंजिन आयडलिंगवरच, म्हणजे रेस न देता, ठेवा. काही मिनिटांत तापमान उतरलं, तर पाणी व्यवस्थित फिरतंय आणि कमतरता हवेची आहे. काहीच फरक पडला नाही, तर पाण्याच्या बाजूकडे वळा.

दुसरा साक्षीदार केबिनमधला हीटर. गाडी तापलेली असताना तो पूर्ण चालू करा. गरमागरम हवा आली तर कुलंट फिरतंय. आयडलिंगला गार हवा आणि रेस दिल्यावर गरम, असं असेल तर कुलंट कमी आहे, आत हवा अडकली आहे किंवा पंप थकला आहे.

रेडिएटरला जोडलेल्या दोन्ही रबरी होज पाईपांची तुलनाही करा. वरचा आणि खालचा जवळजवळ सारखेच तापलेले असतील तर पाणी वाहतंय, पण रेडिएटरमध्ये थंड होत नाहीये. इंजिन उकळायला आलेलं आणि खालचा पाईप जेमतेम कोमट, तर पाणी कुठेतरी अडलंय.

फॅन क्लच आणि श्राउड

बेल्टवरच्या पंख्याच्या जुन्या पिकअपमध्ये माझा पहिला संशय व्हिस्कस फॅन क्लचवर असतो. पंख्याच्या मधोमध असलेल्या या डब्यात सिलिकॉन तेल असतं आणि पुढच्या तोंडावर द्विधातूची गुंडाळी. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की गुंडाळी आतली वाट उघडते, तेल पुढे येतं आणि पंखा इंजिनाबरोबर जोरात फिरू लागतो. वर्षानुवर्षांत हे तेल झिरपतं, निकामी होतं, आणि पंखा फिरत असूनही हवा ओढत नाही. बघणाऱ्याला पंखा फिरताना दिसतो, म्हणून त्याच्यावर संशयच जात नाही.

तपासणी हाताने होते. गाडी पूर्ण तापू द्या, इंजिन बंद करा, किल्ली काढा, मग पाती फिरवून बघा. चांगला क्लच जड लागतो, हात सोडला की लगेच थांबतो. पाती मोकळी सुटून दोन-तीन फेरे स्वतःच फिरली, तर क्लच गेलेला आहे. त्याच्या तोंडावर मधून बाहेरच्या दिशेने धुळीत माखलेले तेलाचे ओघळ आहेत का तेही पाहा, आणि पात्याचं टोक पुढे-मागे हलवून बेअरिंगचा खेळ तपासा. कानही मदत करतो: थंड इंजिन सुरू केल्यावर पहिला मिनिटभर आणि नंतर खूप तापल्यावर पंख्याचा घोंघाट वाढायला हवा. तो घोंघाट कधीच ऐकू येत नसेल तर उत्तर जवळपास मिळालंच.

श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचं ते प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं कडं, हा या प्रकरणातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. कधीतरी काम करताना ते काढलेलं असतं आणि परत बसवलेलंच नसतं. कडं नसलं की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची तापलेली हवाच फिरवत राहतो. धावत्या गाडीत हे जाणवत नाही, उभ्या गाडीत लगेच जाणवतं. पाती साधारण अर्धी कड्याच्या आत आणि अर्धी बाहेर असावीत.

ज्यांच्या पिकअपमध्ये मुळातच इलेक्ट्रिक पंखा आहे, त्यांनी मोटरला बॅटरीतून थेट वीज देऊन बघावी. मोटर फिरली तर रिले, फ्यूज किंवा टेम्परेचर स्विच तपासा. पंखा उलटा फिरत नाही ना, हेही बघा. वायरी उलट जोडल्या गेल्या की तो हवा ओढण्याऐवजी ढकलतो.

थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप

बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट गाडी उभी आहे की चालू हे बघत नाही. तो सगळीकडे तापवतो, आणि लवकर तापवतो. फक्त उभ्या गाडीत तापणाऱ्या पिकअपमध्ये तो माझ्या यादीत बराच खाली येतो. खात्री करायची असेल तर काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह गरम करा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास, बहुतेकदा 82 ते 88 अंशांना, तो उघडू लागायला हवा. तो काढून टाकून गाडी चालवणं हा उपाय नाही. कित्येक इंजिनांत त्यामुळे बायपासची वाट उघडी राहते आणि बरंच पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात फिरतं.

पंपाचं तसं नाही. आयडलिंगला उघडा पडणारा दोष त्याच्यात खरंच असू शकतो. आतलं इंपेलर (पाणी ढकलणारं चक्र) गंजून झिजलेलं किंवा शाफ्टवर घसरत असेल तर कमी वेगात पाणी ढकललं जात नाही. बेल्ट सैल किंवा चकाकलेला असला तरी परिणाम तोच, म्हणून आधी बेल्ट बघा. पंपाखालच्या बारीक छिद्रातून कुलंट झिरपत असेल तर सील गेलेलं आहे. आणि तापण्याची तक्रार नवा पंप बसवल्यानंतरच सुरू झाली असेल, तर तो योग्य दिशेने फिरणारा आहे का ते तपासा. काही इंजिनांना व्ही-बेल्टसाठी एक आणि सपाट बेल्टसाठी उलट दिशेचा दुसरा पंप येतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

रेडिएटर: बाहेरचा कचरा की आतला गाळ

आतून गाळ बसलेला रेडिएटर सहसा चढावर, भरलेल्या गाडीत किंवा मोठ्या वेगात तापवतो. बाहेरून बुजलेला रेडिएटर उभ्या गाडीत आधी त्रास देतो, आणि एसी लावला की जास्तच. एसीचा कंडेन्सर पुढे असतो आणि त्या दोघांच्या मधल्या फटीत किडे, पानं, चिखल यांचा थर साचतो, जो समोरून दिसत नाही. मागून टॉर्च मारून उजेड पलीकडे येतो का पाहा. थंड गाडीवर इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी दाबाने पाणी मारा. जोरदार फवाऱ्याने फिन्स (रेडिएटरच्या पातळ पट्ट्या) वाकतात.

रेडिएटरचं झाकणही विसरू नका. साधारण 15 पीएसआयचं चांगलं झाकण निम्म्या कुलंट-पाण्याच्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू 106 अंशांवरून 129 च्या आसपास नेतं. रबर कडक झालेलं झाकण तो दाब धरत नाही. तापलेल्या गाडीचं झाकण मात्र कधीही उघडू नका, उसळलेलं पाणी चेहरा भाजतं.

हेड गॅस्केटची भीती

गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलं असेल तर गाडी ओझ्याखाली अधिक तापते. थंड इंजिन सुरू केल्याकेल्या होज पाईप टणक होतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहतात, कुलंट गळती न दिसता कमी होतं. निळ्या द्रवाची रासायनिक चाचणी करून घ्या. कुलंटच्या वाफेत जळालेला वायू असेल तर द्रव पिवळा पडतो. ती केल्याशिवाय हेड उतरवायला होकार देऊ नका. डिझेल पिकअपवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट: डिझेल इंजिन आयडलिंगला फार कमी उष्णता तयार करतं. ते नुसतं उभं राहून तापत असेल तर पंखा, पंप किंवा कुलंटची पातळी यांत काहीतरी ठळक बिघाड आहे.

नवा क्लच की इलेक्ट्रिक पंखा

दोष क्लचवर ठरला की हा प्रश्न येतोच. क्लचच्या बाजूने सांगायचं तर तो जागच्या जागी बसतो, वीज खात नाही, आणि ओझं ओढताना मोठा बेल्टवरचा पंखा जेवढी हवा खेचतो तेवढी खेचणं साध्या इलेक्ट्रिक पंख्याला अवघड जातं. इलेक्ट्रिक पंख्याचा मोठा गुण नेमका तुमच्या तक्रारीवरच लागू पडतो: इंजिन मिनिटाला 700 फेऱ्यांवर असलं तरी तो पूर्ण वेगाने फिरतो.

पण त्याची किंमत विजेत मोजावी लागते. मोठा पंखा 20 ते 40 अँपिअर घेतो, आणि जुना अल्टरनेटर (इंजिनावर चालणारं वीज तयार करणारं यंत्र) आयडलिंगला त्याच्या क्षमतेपेक्षा खूपच कमी वीज देतो. म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच वीज कमी. रिले, जाड वायर, योग्य फ्यूज आणि टेम्परेचर स्विच यांच्याशिवाय हा बदल करू नये. डॅशबोर्डवरच्या नुसत्या बटणावर पंखा ठेवला तर तो एक दिवस चालू करायचा राहून जाईल.

माल वाहणारी, चढावर चालणारी पिकअप असेल तर मी चांगल्या प्रतीचा नवा क्लच आणि धड श्राउड यांच्याच बाजूने आहे. गाडी तासन्‌तास एसी लावून उभी राहत असेल आणि अल्टरनेटर सशक्त असेल, तर श्राउडसह आलेला इलेक्ट्रिक पंखा योग्य. क्लच काढून पंखा थेट पुलीवर जाम करणं तात्पुरतं चालेल, पण आवाज, इंधन आणि पंपाच्या बेअरिंगवरचा ताण तिन्ही वाढतात.

काहीही बसवलं तरी गाडी लगेच कामावर लावू नका. एसी लावून अर्धा तास आयडलिंगवर उभी ठेवा, वरच्या होजचं तापमान दर पाच मिनिटांनी लिहा. आकडा एका जागी थांबून पंखा सुरू-बंद होताना ऐकू आला, तर दुरुस्ती जमली. तो सावकाश का होईना चढतच राहिला, तर स्टँडचा पंखा पुन्हा जाळीसमोर लावा आणि आता पाण्याची बाजू तपासायला घ्या.