क्लाउडमध्ये 14 महिने: सगळा राग त्या चिमुकल्या ढगावर

जुन्या हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज यायला लागला, त्याच रात्री घाबरून मी क्लाउडचा, म्हणजे फाइली इंटरनेटवर साठवायच्या सेवेचा, 2 टीबीचा वार्षिक प्लॅन घेतला. घाबरलेला माणूस अटी वाचत बसत नाही. (ती डिस्क अजून चालू आहे, ते सोडा.)

पहिला दणका अपलोडचा. कनेक्शन 100 एमबीपीएसचं, पण तो आकडा डाउनलोडचा, अपलोड 20. आणि हा वेग बिटमध्ये मोजतात, आठ बिटांचा एक बाइट; म्हणजे सेकंदाला जेमतेम अडीच एमबी. माझा पसारा 400 जीबीचा, कागदावर हिशेब सलग 44 तासांचा. लागले नऊ दिवस, कारण लॅपटॉप झोपला की अपलोडही झोपायचं. एकदा सगळं वर चढल्यावर मात्र कुठलाही कागद फोनवर चुटकीसरशी सापडायला लागला. मी खूश.

आता तो ढग. फोल्डरमध्ये फाइलच्या नावाशेजारी छोटासा ढग दिसतो. त्याचा अर्थ, फाइल लॅपटॉपवर नाहीच, नुसती पाटी लावलीय. उघडलीत की नेटवरून उतरेल. हे सेटिंग आधीपासूनच चालू होतं, मला कुणी विचारलं नाही. प्रवासात रेंज नव्हती आणि मला एक मार्कशीट हवी होती. नाव दिसतंय, तारीख दिसतेय, साइझ दिसतेय, फाइल काही उघडत नाही. 2 एमबीची पीडीएफ! लॅपटॉपवर 180 जीबी जागा रिकामी पडलेली, आणि हे माझ्यासाठी 2 एमबी वाचवतायत.

सपोर्टला लिहिलं. तीनदा तेच साचेबंद उत्तर: इंटरनेट कनेक्शन तपासा.

त्याच महिन्यात फोनमधली अडगळ काढताना काही फोटो उडवले, ते लॅपटॉपवरूनही गायब. सिंक आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा डोक्यात शिरलं. सिंकमध्ये एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं. कचरापेटीत 30 दिवस राहतात, माझ्या लक्षात आलं 22व्या दिवशी. एक तारा द्यायचा, हे तेव्हाच ठरलं होतं.

पण मागच्या आठवड्यात वर्षभराच्या हिशेबाच्या एक्सेलवर मी चुकून अर्धवट शीट सेव्ह केली. माझ्या साध्या डिस्कवर ती गेलीच असती. इथे व्हर्जन हिस्टरीत सकाळची प्रत जशीच्या तशी बसलेली. दोन क्लिक, काम झालं. त्यामुळे तीन तारे, नाइलाजानं.

आता फोटो-व्हिडिओंसाठी 1 टीबीच्या दोन एक्स्टर्नल डिस्क घेतल्यात. एक घरी, एक बहिणीकडे. लावल्यावर 931 जीबीच दिसतात, कारण डिस्कवाले 1000नं मोजतात आणि विंडोज 1024नं. फसवणूक नाही, पण जिवाला लागतं. कागदपत्रं आणि चालू कामाच्या फाइली मात्र क्लाउडवरच.

हा 2 टीबीचा प्लॅन एवढ्यासाठी लागतच नाही. पण दोन महिन्यांपूर्वी ऑटो-रिन्यूनं पुढच्या वर्षाचे पैसे कापून नेले, परत मिळत नाहीत. तेव्हा उरलेले 10 महिने वसूल करणार. रोज एकेका फोल्डरवर राइट क्लिक करून 'कायम या डिव्हाइसवर ठेवा' निवडतोय. कालपर्यंत 61 फोल्डरांवरचे ढग घालवलेत.