कुत्री असलेल्या वाळवंटी अंगणासाठी ठिबक पाणपात्र

वाळवंटी प्रदेशातील ज्या अंगणात पाळीव कुत्री दिवसभर वावरतात, तेथे पक्ष्यांसाठी जमिनीवर ठेवलेले पाणी कुत्रीच पिऊन टाकतात आणि पक्षी लांबच राहतात. ही अडचण डोळ्यांपुढे ठेवून आम्ही घेतलेले पाणपात्र कंबरेइतक्या उंच, तीन पायांच्या लोखंडी स्टँडवर बसते आणि त्याला एक बारीक ठिबकनळी जोडलेली असते. संपूर्ण उन्हाळाभर वापरल्यानंतर ते घेण्याजोगे आहे असे माझे मत झाले आहे, परंतु स्टँडमधील एक उणीव आधी दूर करावी लागते.

पात्र भाजलेल्या मातीचे असून त्यावर चकचकीत लेप नाही, त्यामुळे पंजे घसरत नाहीत आणि पाणी पत्र्याच्या भांड्यातल्यासारखे तापत नाही. काठापासून मध्याकडे सावकाश उतार असून मध्यावरही खोली दोन इंचांच्या आतच राहते, आणि लहान पक्ष्यांना आंघोळीसाठी तेवढीच हवी असते. ठिबकनळीचा उपयोग मात्र माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा ठरला. पक्ष्यांना घाम येत नाही. भर दुपारी ते चोच उघडी ठेवून, गळा थरथरवत अंगातील उष्णता बाहेर टाकतात आणि त्यात शरीरातील पाणी खर्च होते, म्हणून थेंबाने हलणारे पाणी दिसताच ते खाली उतरतात. होला चोच बुडवून मान वर न करता पाणी ओढून घेतो, तर शेजारचा बुलबुल घोट घेऊन दर वेळी मान उंचावतो. रुंद काठामुळे हे दोघे एकाच वेळी निवांत पिताना पाहणे मला फार आवडते. तितर आणि लाव्यांसारख्या जमिनीवरच वावरणाऱ्या पक्ष्यांना मात्र या उंचीचा फारसा उपयोग नाही.

उंचीमुळे पक्ष्यांची विष्ठा पडलेले पाणी कुत्र्यांच्या तोंडी लागत नाही, आणि साल्मोनेलासारखे जिवाणू त्यातूनच पसरू शकत असल्याने हा लाभ मोठा आहे. ठिबक चालू असले तरी स्वच्छतेत हयगय करून चालत नाही. उष्ण हवेत डासाच्या अंड्यापासून पूर्ण डास तयार व्हायला साधारण आठवडा पुरतो आणि कुत्र्यांच्या हृदयातील जंतांचा प्रसार डासांमार्फतच होतो, म्हणून पात्र दिवसाआड रिकामे करून ब्रशने घासावे. साबण टाळावा, कारण लेप नसलेली माती तो शोषून घेते. क्षारयुक्त पाण्याने नळीचे तोंड वरचेवर बुजते. उत्पादकाने सोबत एखादी जास्तीची जाळी द्यायला हवी होती.

स्टँडची उणीव अशी की पात्र लोखंडी कड्यावर नुसतेच टेकते, त्याला कोणतीही पकड नाही. आमच्या मोठ्या कुत्र्याने पुढचे दोन्ही पाय काठावर टेकवले तेव्हा पात्र एका बाजूला उचलले गेले, त्यानंतर आम्ही ते जाड तारेने तीन ठिकाणी कड्याला बांधून घेतले. लहान चणीची किंवा वयस्क कुत्री असलेल्या घरांनी ते आहे तसे वापरण्यास हरकत नाही. उड्या मारणारी मोठी कुत्री असतील तर मात्र ते बांधल्याशिवाय त्यात पाणी भरू नये, कारण भरलेले पात्र चांगलेच जड होते आणि कलंडले तर ते कुत्र्याच्याच अंगावर येईल.