"शरीरातली घाण बाहेर पडतेय"

हवा बदलली की आईला सर्दी-खोकला ठरलेला. म्हणून मोफत 'इम्युनिटी चेकअप' असल्याचं कळल्यावर मीच तिला घेऊन गेलो. तिच्या मुठीत धातूची एक दांडी दिली, मिनिटभरात कॉम्प्युटरवर आकडा आला: ४२ टक्के. आईचा चेहरा उतरला. त्या क्षणी मी काहीही विकत घेतलं असतं, आणि घेतलंच. तीन महिन्यांचे थेंब. "हे चालू असताना फ्लूची लस नको," असंही बजावलं. दरवर्षीची लस आम्ही त्या वर्षी चुकवली. याचा मला अजून राग येतो.

पाच-सहा आठवड्यांनी आईला सारखी तहान लागू लागली. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायची. बद्धकोष्ठता, मळमळ, जेवणावरची वासनाच उडाली. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "ही चांगली लक्षणं आहेत. शरीरातली घाण बाहेर पडतेय. डोस वाढवा." आम्ही वाढवला! त्रास म्हणजेच गुण, असं एकदा पटवलं की माणूस डॉक्टरकडे जातच नाही. हे वाक्य कानावर आलं तर कृपा करून त्याच दिवशी औषध थांबवा.

एका सकाळी आई बोलताना गोंधळू लागली, तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आधी बाटली मागितली. लेबलवर 'शंभर टक्के नैसर्गिक', पण कोणता घटक किती, हे कुठेच नाही. रक्तात कॅल्शियम खूप चढलेलं, कारण 'ड' जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर गेलं होतं. मोठ्या माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय दिवसाला ४००० आययूच्या (हे जीवनसत्त्व मोजायचं एकक) वर जाऊ नये. शिवाय ते चरबीत साठतं, त्यामुळे थेंब बंद करूनही कॅल्शियम उतरायला कित्येक आठवडे गेले.

आणि तो ४२ चा आकडा? प्रतिकारशक्ती टक्क्यांत मोजणारी चाचणीच नाही. पांढऱ्या पेशी, अँटिबॉडी वेगवेगळ्या तपासता येतात, तेही गंभीर संसर्ग पुन्हापुन्हा होत असतील तर. सर्दीचे विषाणूच २०० हून अधिक आहेत. मोठ्या माणसाला वर्षात दोन-तीनदा सर्दी होणं ही कमजोरी नव्हे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, "कोर्स अर्धवट सोडलात." रिपोर्ट जोडून लेखी तक्रार दिली आहे, बाटली जपून ठेवली आहे. आई बरी आहे. या वर्षीची लस तिने घेतली.